तालुक्याच्या गावातली ऊर्जा प्रयोगशाळा

सोलापुरात निघणाऱ्या स्मरणिकेत सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या संस्थेचा इतिहास कशाला, अशी शंका काहींना येईल. नकाशा समोर धरला की ती फिटते. नीरा उजवा कालवा फलटण तालुका ओलांडून माळशिरसात शिरतो तेव्हा जिल्हा बदलतो, पीक बदलत नाही. अलीकडे ऊस, पलीकडेही ऊस. कालव्याचे पाणी जिथे पोचत नाही तिथे दोन्हीकडे ज्वारी आणि करडई. माउलींची पालखी बरडचा मुक्काम हलवून धर्मपुरीपाशी आपल्या जिल्ह्यात येते ती याच शिवारांतून. त्यामुळे फलटण-लोणंद रस्त्यावरच्या तांबमाळावर कोणी उसाच्या पाचटाचे काय करायचे याचा विचार करत बसले असेल, तर तो प्रश्न अकलूज-माळीनगरच्या बागायतदाराचाही आहे आणि मंगळवेढ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचाही.

संस्थेचे नाव निंबकर कृषी संशोधन संस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘नारी’ म्हणतात. (पुण्यात भोसरीला एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिचीही आद्याक्षरे पूर्वी हीच होती; तिचा याच्याशी संबंध नाही. आणि फलटणचे राजघराणे नाईक निंबाळकरांचे, निंबकर वेगळे.) सरकारी राष्ट्रीय प्रयोगशाळा म्हटली की मोठी कमान, पहारा, बसगाड्या आणि शास्त्रज्ञांची वसाहत डोळ्यांसमोर येते. इथे त्यातले काही नाही. तरीही स्वच्छ इंधन, कमी इंधनात जास्त काम आणि शेतातल्या टाकाऊ मालापासून ऊर्जा या तिन्ही बाबतींत महाराष्ट्रात सुरुवातीला आणि सातत्याने काम केलेल्या मोजक्या ठिकाणांत या संस्थेचे नाव घ्यावे लागते.

संस्था १९६८ साली स्थापन झाली. संस्थापक बनबिहारी विष्णू निंबकर. त्यांच्या आई मूळच्या अमेरिकन. एलिझाबेथ लंडी हे त्यांचे माहेरचे नाव. लग्नानंतर त्या कमला निंबकर झाल्या आणि १९५० साली मुंबईत व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, शिक्षण त्यांनीच सुरू केले. बनबिहारी अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून परतले आणि फलटणला शेती करू लागले. बियाण्यांचा व्यवसाय उभा केला, आणि त्यातूनच पदरचे पैसे घालून संशोधन करणारी संस्था काढली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या लेखिका, इरावती आणि दिनकर कर्वे यांच्या कन्या. विज्ञान आणि लेखन ही दोन्ही घरातच असल्याचा एक फायदा संस्थेला झाला, असे मला वाटते. इथे जे केले ते लिहून ठेवले गेले. फसलेलेसुद्धा. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांच्या स्मरणिकांत उद्घाटनांचे फोटो सापडतात, मोजमापे सापडत नाहीत.

पहिली बारा-तेरा वर्षे काम प्रामुख्याने पिकांचे आणि जनावरांचे होते. त्या बाजूचा इतिहास मोठा आहे आणि इथे तो ओझरताच सांगता येईल. करडई हे त्यातले आपल्या जिव्हाळ्याचे प्रकरण. करडईच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचा समन्वय कक्ष सोलापुरात होता, आणि फलटणची संस्था त्या प्रकल्पाचे एक केंद्र. करडई काढताना हाताला काय होते हे ज्याने काढली त्यालाच ठाऊक. धोतराचे सोगे हातापायाला गुंडाळून लोक शेतात उतरत. ‘नारी-६’ हे बिनकाट्याचे वाण आणि पुढे बिनकाट्याचा संकरित वाण फलटणलाच निघाला. मेंढ्यांचे कामही गाजले. बंगालच्या गारोळे जातीतले जुळी देण्याचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही जात तयार झाली. त्या विभागाची धुरा चंदा निंबकर यांनी सांभाळली.

ऊर्जेचे पान उलटले १९८१ मध्ये. त्या वर्षी अनिल राजवंशी अमेरिकेतून थेट फलटणला आले. मूळचे लखनौचे, कानपूरच्या आयआयटीत यांत्रिकी अभियांत्रिकी शिकलेले. फ्लोरिडा विद्यापीठात एरिक फार्बर यांच्या हाताखाली सौर ऊर्जेवर त्यांनी डॉक्टरेट केली होती. फार्बर हे सौर ऊर्जेतले त्या काळचे मोठे नाव. बनबिहारींच्या कन्या नंदिनी या राजवंशींच्या पत्नी. त्याही शास्त्रज्ञ, पुढे त्यांनी संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले. तेलसंकटानंतरचे ते दिवस होते. केंद्राने १९८२ मध्ये अपारंपरिक ऊर्जेसाठी स्वतंत्र विभाग काढला, दिल्लीत परिषदा भरू लागल्या, सौरचुली वाटल्या जाऊ लागल्या. फलटणला मात्र सुरुवात चुलीपासून झाली नाही, ज्वारीपासून झाली.

ज्वारीच्या काही जातींच्या धाटात उसासारखा गोड रस असतो. खेड्यातल्या पोरांना हे शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत आहे. निंबकरांच्या डोक्यात हिशेब असा होता : कणीस माणसाला, धाटाचा रस इंधनाला, रस काढून उरलेला चोथा जनावराला. एकाच शेतातून तिघांची सोय. उसाला वर्षभर पाणी लागते; ज्वारी चार महिन्यांत मोकळी होते आणि पाणीही कमी मागते. गोड धाटाच्या अमेरिकन जाती आणि आपल्याकडच्या दाण्याच्या जाती यांचा संकर करून संस्थेने ‘मधुरा’ नावाचा वाण काढला. ज्वारी हे सोलापूरचे पीक. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली मालदांडी आजही आपल्या ताटात आहे आणि भारतीय कदन्न संशोधन संस्थेचे रब्बी ज्वारीचे केंद्रही इथेच आहे. पण आपली ज्वारी रब्बीची, भाकरीची आणि कडब्याची. कडब्याला भाव आला की शेतकरी दाण्याकडे काणाडोळा करतो, हे आपण पाहतोच. ‘मधुरा’चे गणित कागदावर चोख होते. त्याला टक्कर द्यायची होती ती या कडब्याच्या भावाशी, आणि उसाला मिळणाऱ्या हमखास गिऱ्हाइकाशी.

रसापासून अल्कोहोल करायचे तर आंबवलेला रस ऊर्ध्वपातित करावा लागतो, आणि त्या उष्णतेला पुन्हा इंधन लागते. लाकूड जाळून स्वच्छ इंधन बनवण्यात अर्थ नाही. म्हणून संस्थेने ३८ चौरस मीटर सौर संग्राहक बसवले, त्यावर पाणी तापवले आणि त्या गरम पाण्याच्या उष्णतेवर अल्कोहोलची भट्टी चालवली. सूर्याच्या उष्णतेवर ज्वारीच्या रसाचे इथेनॉल हा प्रयोग ऐंशीच्या दशकात जगातही नवा होता. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात आंवला इथे सुरू झाले ते २००१ मध्ये, म्हणजे फलटणच्या भट्टीनंतर बऱ्याच वर्षांनी.

आता या इथेनॉलचे करायचे काय? गाडीत घालणे हा एक मार्ग. राजवंशींनी दुसरा निवडला, आणि संस्थेचे वेगळेपण मला तिथे दिसते. ऐंशीच्या दशकातल्या खेड्यात गाडी कोणाकडे होती? ज्या घरात संध्याकाळी रॉकेलची चिमणी पेटते आणि चुलीसमोर बाई डोळे चोळत बसते, तिथे चांगले द्रव इंधन गेले तर उजेडही होईल आणि स्वयंपाकही. तेव्हा संशोधन दिव्याकडे आणि शेगडीकडे वळले.

दिव्याचे नाव ‘नूरी’. इथेनॉल, रॉकेल, डिझेल यांपैकी काहीही चालणारा कंदील. ज्यांनी लग्नाच्या वरातीत डोक्यावर धरलेली गॅसबत्ती पाहिली आहे त्यांना तत्त्व समजायला अडचण नाही. इंधनाची वाफ होते, हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते आणि त्या ज्योतीत लटकलेली जाळी पांढरीफेक तापून उजेड देते. उजेड ज्योतीचा नसतो, जाळीवरच्या थोरियम-सेरियमच्या ऑक्साइडचा असतो. चिमणीत रॉकेल अर्धवट जळते. पिवळा उजेड म्हणजे तापलेली काजळी, आणि हीच काजळी मग छताला आणि फुप्फुसांना लागते. नूरीचा उजेड १,२५० ते १,३०० ल्युमेन, म्हणजे त्या काळच्या १०० वॉटच्या पिवळ्या बल्बाइतका.

इथे राजवंशींनी मांडलेला हिशेब सांगण्याजोगा आहे, कारण कार्यक्षमता म्हणजे काय हे त्यातून कळते. बल्ब स्वच्छ, कंदील मागासलेला, हे आपल्या मनात पक्के असते. पण १०० वॉटचा बल्ब पेटवायला औष्णिक केंद्रात तिपटीहून जास्त उष्णतेचा कोळसा जळतो. त्यातली काही वीज वाटेत तारांत गळते. जी पोचते तिचा फार थोडा भाग उजेड होतो, बाकी बल्ब गरम होण्यात जाते. खाणीपासून डोळ्यापर्यंत सगळी साखळी धरली तर चांगला कंदील त्या बल्बाच्या जवळ येऊन बसतो. भारनियमनाच्या काळात बार्शी-करमाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर राहिलेल्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नव्हते. तारा होत्या, खांब होते, बल्ब होता. वीज रात्री दोनला यायची.

हाच धागा पुढे ‘लॅनस्टोव्ह’पर्यंत गेला. कंदिलाच्या जाळीतून वर जाणारी उष्णता वाया का घालवायची? त्यावर भांडे ठेवा. एकाच ज्योतीत झोपडीभर उजेड, पाच माणसांचा स्वयंपाक आणि प्यायचे पाणी उकळणे. फलटणच्या आसपासच्या झोपड्यांत ही उपकरणे देऊन पाहिली गेली. उपकरण चांगले होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याच्या वाटेत दोन गोष्टी आल्या. ९ वॉटचा एलईडी दिवा ‘उजाला’ योजनेत २०१५ पासून घरोघर पोचला आणि बल्बाविरुद्धचा कंदिलाचा हिशेब एका फटक्यात संपला. दुसऱ्या वर्षी ‘उज्ज्वला’ योजनेतून गॅसची जोडणी आली, आणि रेशनवरचे रॉकेल आटत गेले. टाकी भरून आणायला पैसे नसतात तिथे चूल अजून पेटते, हे खरे. पण कंदिलासाठी जी जागा होती ती राहिली नाही.

अल्कोहोलच्या शेगडीची कथा वेगळी आहे आणि तिच्यात विनोदही आहे. शुद्ध अल्कोहोल घरात ठेवणे धोक्याचे, भडका उडतो. आपल्या पिढीला ‘स्टोव्हचा भडका उडून’ हे शब्द वर्तमानपत्रात कुठे आणि कोणत्या अर्थाने छापून यायचे हे आठवते, म्हणून हा मुद्दा हलका नाही. शिवाय ९५ टक्क्यांपर्यंत शुद्ध करायला भट्टीत जास्त उष्णता लागते. संस्थेने उलट बाजूने विचार केला. निम्मे पाणी असलेलेच अल्कोहोल जाळता येईल का? वजनाने ५० ते ५५ टक्के इथेनॉल आणि बाकी पाणी अशा मिश्रणावर चालणारी दाबाची शेगडी त्यांनी तयार केली. ताकद सुमारे अडीच किलोवॉट, म्हणजे गॅसच्या शेगडीच्या तोडीची. मिश्रण ज्योतीलगतच्या नळीत तापून वाफ होते आणि ती वाफ निळ्या ज्योतीने जळते. पाण्याची वाफ करण्यात थोडी उष्णता खर्च होते. ती किंमत सुरक्षिततेसाठी मोजायची.

आता हे मिश्रण म्हणजे काय, हे सोलापूरकराला सांगायला नको. मुळेगाव तांड्यावर पोलिसांनी हातभट्टी उद्ध्वस्त केल्याची बातमी आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. निम्मे पाणी, निम्मे अल्कोहोल हे शेगडीचे इंधन आहे तसे ते कडक दारूही आहे. ते गावात गाळायचे, गावात साठवायचे आणि घरोघर वाटायचे, तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागणार, आणि १९४९ चा दारूबंदी कायदा इंधन आणि पेय यांत फरक करायला बसलेला नाही. घरगुती इंधन म्हणून इथेनॉल मोकळे करा, हे राजवंशींनी वर्षानुवर्षे लिहिले. २००३ साली ‘करंट सायन्स’मध्ये ग्रामीण उजेड आणि स्वयंपाक यांसाठी संशोधनाची दिशा काय असावी यावर त्यांनी स्वतंत्र लेखच लिहिला. कायदा होता तिथेच राहिला. इथेनॉल शेवटी मोकळे झाले ते मोटारीसाठी. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस टक्के. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या आसवन्या त्यावरच चालतात. चुलीसमोरच्या बाईच्या वाट्याला त्यातला थेंब आला नाही. यात कोणाचा डाव होता असे मी म्हणणार नाही. तेलकंपनीच्या टँकरवर लक्ष ठेवणे सरकारला सोपे जाते, लाखो घरांतल्या बाटल्यांवर नाही.

आता पाचट. माझ्या मते संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी माहीत असलेले काम हेच.

हेक्टरी आठ ते दहा टन वाळका पाला ऊस तुटून गेल्यावर शेतात पडतो. टोळी फड मोकळा करून पुढे जाते आणि त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी काडी लागते. डिसेंबर-जानेवारीत माळशिरस, पंढरपूर, माढ्याच्या रस्त्यांनी संध्याकाळी जाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पाल्यात उष्णता भरपूर असते. अडचण तिच्या रूपात असते. पाला हलका, फुगीर. ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही, त्यामुळे लांब नेला तर वाहतुकीतच पैसे संपतात. शिवाय त्याच्या राखेत वाळूतले सिलिका आणि क्षार असतात. भट्टीत जास्त तापली की ही राख वितळते आणि गार होताना दगडासारखी जाळीला चिकटून बसते. लाकडावर चालणारे गॅसिफायर तेव्हा देशात होते. त्यांत पाला घातला की पूल बांधल्यासारखा मध्येच अडकायचा, खाली उतरायचाच नाही.

गॅसिफायर म्हणजे जळणाला मुद्दाम अपुरी हवा द्यायची. पूर्ण जळू द्यायचे नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला जळाऊ वायू निघतो आणि तो नळीने हवा तिथे नेऊन जाळायचा. फलटणला नव्वदच्या दशकात जो गॅसिफायर तयार झाला तो खास सुट्या, हलक्या पाल्यासाठी होता. उसाचे पाचट, बगॅस, बाजरीचे सरमाड, गोड ज्वारीची धाटे, चोथा, सगळे चालायचे. तासाला १,०८० मेगाज्यूलपर्यंत उष्णता. घरगुती गॅसच्या भाषेत बोलायचे तर तासाला दीड-पावणेदोन टाक्या. निघणारा वायू दुबळा असतो, घनमीटरला साडेतीन ते पावणेपाच मेगाज्यूल, म्हणजे नैसर्गिक वायूच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याचा. पण भट्टी तापवायला तेवढा पुरतो. प्रयोगशाळेत ७०० तासांहून जास्त तो चालवून पाहिला, आणि नंतर एका धातू-उद्योगात विशेष सिरॅमिक भाजण्याच्या भट्टीला जोडला. ती भट्टी आधी हलक्या डिझेल तेलावर चालायची.

सगळा पाला वायूत रूपांतरित करण्याचा अट्टहास त्यांनी धरला नाही, हे मला विशेष वाटते. घातलेल्या जळणाच्या वजनाच्या सुमारे २४ टक्के कोळसा ते बाहेर काढत. अभियंत्याच्या नजरेला हा तोटा दिसेल. चौथा हिस्सा जळणच वाया. पण तो कोळसा शेवटपर्यंत जाळायला गेले की उष्णता चढणार आणि राखेचे दगड होणार. उलट बाहेर काढलेल्या कोळशाच्या वड्या पाडून विकता येतात किंवा तो जमिनीत घालता येतो. पाल्यातून कार्बन जमिनीत परत घालण्याला आज ‘बायोचार’ म्हणतात आणि त्यावर परदेशात कार्बनचे पैसे मिळतात. फलटणला तो गॅसिफायरचा उपपदार्थ होता.

पाचटाच्या कोळशाचा दुसरा रस्ता निंबकरांच्याच नात्यातून निघाला. जाई निंबकरांचे बंधू आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. फलटणला करडईवर काम केल्यानंतर त्यांनी १९९६ मध्ये पुण्यात ‘आरती’, म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, काढली. त्यांनी गॅसिफायरसारखे मोठे यंत्र बाजूला ठेवले आणि शेताच्या बांधावर ठेवता येतील अशा पिंपांच्या भट्ट्या केल्या. पाचट बंद पिंपात भरायचे, बाहेरून पाचटच जाळून ते तापवायचे, कोळसा काढायचा, खळीत मळून वड्या पाडायच्या. २००२ साली याला ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला आणि २००६ साली ओल्या खरकट्यावर चालणाऱ्या त्यांच्या छोट्या बायोगॅसलाही. शेणाऐवजी पिठाळ खरकटे घातले तर तेवढ्याच वायूला कितीतरी कमी माल आणि कमी दिवस लागतात, हे कर्व्यांनी दाखवले. पुण्यातल्या कित्येक गच्च्यांवर काळ्या-पांढऱ्या प्लास्टिकच्या टाक्या उभ्या राहिल्या. ‘आरती’चा इतिहास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

गॅसिफायरच्या हिशेबातूनच संस्थेची सर्वांत मोठी कल्पना निघाली : तालुका. जिल्हा फार मोठा, गाव फार लहान. तालुक्यात किती हेक्टर ऊस, किती ज्वारी, किती कापूस, त्यातून जनावरांना आणि जमिनीला जाऊन किती काडीकचरा उरतो, हे फलटण तालुक्यापुरते मोजले गेले. निष्कर्ष असा की तालुक्यातल्या शेतीच्या उरलेल्या मालावर १० ते २० मेगावॅटचे वीजकेंद्र चालू शकते. जळण लांबून आणावे लागत नाही, पैसा तालुक्यातच फिरतो, पाला पेटवण्याऐवजी शेतकरी तो विकतो. केंद्रातल्या अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने तालुकावार जैवभाराचे सर्वेक्षण हाती घेतले त्यामागे हा फलटणचा अभ्यास होता. २००२ मध्ये राजवंशींनी तो विचार ‘करंट सायन्स’मध्ये सविस्तर मांडला.

आपल्या जिल्ह्याला हे माप लावून पाहू. सोलापूरचे तालुके ११. प्रत्येकी वरची मर्यादा धरून २० मेगावॅट, म्हणजे २२० मेगावॅट. आहेरवाडी-फताटेवाडीच्या एनटीपीसी केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत, एकूण १,३२०. त्यासाठी कोळसा रेल्वेने येतो आणि पाणी उजनीचे जाते. सोलापूरचे नाव देशाच्या वीजनकाशावर आणखी एका कारणाने आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे विद्युतजाळे बाकीच्या देशाशी एका लयीत आले. या आकड्यांपुढे २२० लहान दिसतो, आणि तालुक्याच्या केंद्रांनी औष्णिक केंद्राची जागा घेतली असती असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. शिवाय पाला वर्षात चार-पाच महिनेच मिळतो. तो साठवायचा तर आग, पाऊस आणि उंदीर तिघांशी झगडावे लागते. प्रत्यक्षात काय झाले, तर जैवभारावरची वीज साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीतून आली. तिथे बगॅस आयता गोळा होतो, बॉयलर असतोच. पाचट मात्र अजून शेतातच आहे. हल्ली ते न पेटवता कुट्टी करून सरीत कुजवण्याचा प्रसार होतो आहे आणि जमिनीच्या दृष्टीने तो मार्ग चांगलाच आहे.

बाकीची कामे थोडक्यात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलरिक्षावर काम झाले. आधी साध्या रिक्षेचे गिअर आणि ब्रेक सुधारले, मग तिला मोटारीची जोड दिली, शेवटी पूर्ण विजेची रिक्षा केली. देशातल्या रस्त्यांवर ई-रिक्षांचा सुळसुळाट झाला त्याच्या दहा-बारा वर्षे आधीची ही गोष्ट. आज धावणाऱ्या रिक्षा बहुतेक परदेशी सुट्या भागांच्या जुळणीतून आल्या. फलटणच्या आराखड्याचा त्यांना फारसा उपयोग झाला नाही. दुसरे काम पाण्याचे. जुन्या सुती साडीच्या चार पदरांतून पाणी गाळायचे आणि सौर नळ्यांत ते साधारण ६० अंशांवर तासभर ठेवायचे. उकळी फुटावी लागत नाही. तेवढ्यात जुलाबाचे जंतू मरतात. ढगाळ दिवशी पाणी ४५ अंशांपर्यंतच तापले तर तीन तास. यात विकण्याजोगे फार काही नाही, म्हणून त्याची जाहिरातही झाली नाही.

या सगळ्याची तुलना पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी करण्याचा मोह होतो. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तिच्याकडे माणसे, यंत्रे आणि सरकारी पैसा आहे. तिथे घडवलेल्या इंधनघटावर चालणारी हायड्रोजनची मोटार केपीआयटी कंपनीच्या साथीने ऑक्टोबर २०२० मध्ये चाचणीला उतरली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात हायड्रोजनची बस दाखवली गेली. त्याच प्रयोगशाळेने डायमिथाइल ईथर गॅसमध्ये मिसळून जाळता येईल असे बर्नरही बनवले. म्हणजे ज्योतीवर काम दोन्हीकडे झाले. पुण्याला भागीदार कंपनी मिळाली, एकस्व मिळाले, मंत्री उद्घाटनाला आले. फलटणच्या शेगडीला कारखानदार मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी इंधन विकायला परवाना मिळाला नसता. संशोधनाची प्रत वेगळी होती असे मला वाटत नाही. संशोधन दाराबाहेर पडल्यावर त्याला कोण भेटते, यात फरक होता. त्यात फलटणच्या संस्थेचाही काही दोष आहे. एक वस्तू बाजारात पोचेपर्यंत तिच्यामागे लागून राहण्याऐवजी इथे दर चार-पाच वर्षांनी नवा विषय हाती आला. विकणे हे आपले काम नव्हे, अशी जी वृत्ती आपल्याकडच्या चांगल्या संशोधकांत असते, ती इथेही होती. छोट्या संस्थेला ती परवडत नाही.

बनबिहारी निंबकर २०२१ मध्ये नव्वदीत गेले. पुढच्याच वर्षी राजवंशींना विज्ञान-अभियांत्रिकीसाठी पद्मश्री मिळाली. जमनालाल बजाज पुरस्कार त्याआधी दोघांनाही मिळाला होता. केंद्राच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात इथेनॉलसाठी चालणाऱ्या कच्च्या मालाच्या यादीत गोड ज्वारी आली आहे. आपल्याकडे हंगामाबाहेर आसवनी बंद राहते तेव्हा तिला ही धाटे पुरवता येतील का, हे एखाद्या कारखान्याच्या शेतकी खात्याने करून पाहायला हरकत नाही. खरिपात पेरलेली ज्वारी गाळप सुरू होण्याच्या थोडी आधी कापणीला येते. धाट तोडल्यावर रसातली साखर लवकर उतरते, त्यामुळे तोडणी आणि गाळप यांत दिवस जाता कामा नये. उसाच्या टोळ्यांचे वेळापत्रक त्याला चालणार नाही.

गॅसिफायरचे आराखडे, वायूची मोजमापे, शेगडीच्या चाचण्या आणि तालुक्याचा अहवाल यांवरचे लेख संस्थेने सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ज्याला पाचटाची भट्टी पुन्हा उभी करायची असेल त्याने आधी राखेवरचा भाग वाचावा आणि मगच लोखंड विकत घ्यावे.